करड्या पावडरीची आग

वाळूज औद्योगिक वसाहतीतली ती आग अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पोलिसाच्या नोकरीत आगी पुष्कळ पाहिल्या, पण पाणी टाकल्यावर वाढलेली आग ती एकच. माझ्या निवृत्तीला थोडाच काळ उरला होता आणि आता नवीन काही पाहायला मिळणार नाही, अशा समजुतीत मी होतो.

सकाळची हजेरी आटोपली आणि कंट्रोल रूमचा फोन आला. एका छोट्या कारखान्याच्या शेडमध्ये भडका उडाला होता, एक मुलगी भाजली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा अग्निशमन दलाने कोरडी वाळू टाकून आग आटोक्यात आणली होती. मुलगी तिथे प्रयोगशाळा सहायक होती. बजाजनगरला आईवडिलांजवळ राहायची, शिक्षण संपवून नुकतीच नोकरीला लागली होती. संरक्षक चष्म्यामुळे डोळे वाचले, पण दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. तिला दवाखान्यात हलवले होते आणि जबाब घ्यायला डॉक्टरांनी मनाई केली होती.

मी पंचनामा सुरू केला. काळवंडलेले टेबल, फुटलेल्या काचा, कोपऱ्यात वितळलेल्या प्लास्टिकचा मोठा गोळा. सगळीकडे करडी राख होती. रखवालदार सांगत होता, "साहेब, म्या बादलीभर पाणी मारलं तर जाळ पार छपराला गेला. पेट्रोलच असणार ते."

मालक तरुण इंजिनिअर होता. त्या सकाळी तो जालन्याला गेला होता, दुपारी धावत आला. या शेडमध्ये ॲल्युमिनियमची अतिसूक्ष्म पावडर वापरून खास प्रकारचा लेप बनवत, असे त्याने सांगितले. एकेक कण केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढा. असे कण श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात, म्हणून चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो. दाढी असली की मास्कच्या कडेला फट राहते.

"याच दाढीवरून भांडण झालं," मालक म्हणाला. "आमचा एक ऑपरेटर दाढी काढायला तयार नव्हता. मी त्याला घरी पाठवलं. जाताना सगळ्यांसमोर म्हणाला, बघून घेतो."

फिर्याद नोंदवली, संशयित म्हणून ऑपरेटरचे नाव आले. संध्याकाळी गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवाल्याने मला बाजूला बोलावले. "साहब, मेरा नाम मत लेना," तो हळू आवाजात म्हणाला. "आगीच्या जरा आधी तो ऑपरेटर आला होता. मुँह पे गमछा बांधके, पर चाल से पहचाना. गेटातून आत बघितलं आणि घाईत निकल गया."

भांडण, धमकी, झाकलेला चेहरा. आम्ही ऑपरेटरला त्याच्या खोलीवरून ताब्यात घेतले. मूळचा गंगापूरकडचा, अंगाने मजबूत. कारखान्याच्या ओळखपत्रावरच्या फोटोत कोरलेली, राखलेली दाढी होती. समोर उभ्या असलेल्या माणसाची हनुवटी गुळगुळीत. माझे हवालदार कानाशी म्हणाले, "हुलिया बदललाय साहेब. आता सुटत नाय हा."

चौकशीच्या वेळी ओळख पटवण्यासाठी मालकही समोर होता. ऑपरेटरने मान खाली घातली आणि एकच घोकले, "मी काय केलं नाय." पण त्या सकाळी गेटवर कशाला गेला होता, यावर एक शब्द नाही. वरिष्ठांचा फोन आला की अटक दाखवून मोकळे व्हा. मला मात्र त्या मौनात काहीतरी वेगळे वाटत होते. खोटे बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो.

दुसऱ्या दिवशी मी त्याला एकट्याला बसवले, चहा मागवला आणि आगीचे नावच काढले नाही.

"दाढी कधी काढली रे?"

तो दचकला. "त्या दिशी सकाळी."

"आगीच्या आधी?"

"व्हय. बजाजनगरच्या सलूनमधी."

"कशासाठी?"

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. "माफी मागायला गेलतो साहेब. बायको म्हणली, केसापायी नोकरी घालवता काय. काढली दाढी. पर गेटापाशी गेलो अन् लई लाज वाटली. पोरं हसतील म्हणून गमछा बांधला. मालकाची गाडी दिसली नाय, तसाच माघारी फिरलो."

"मग हे कालच का नाही सांगितलंस?"

"मालक समोर बसले व्हते की. त्यांच्यादेखत कसं सांगू, तुमच्यासाठी दाढी काढली म्हणून?"

सलूनवाल्याने दुजोरा दिला. माणूस गुन्हा लपवतो त्याहून जास्त जिवापाड लाज लपवतो, हे मी अनेकदा पाहिले होते. तरी दाढी काढलेल्या माणसाला आग लावता येत नाही असे थोडेच आहे? त्याला सोडायचे तर आग कशी लागली ते कळायला हवे होते. न्यायवैद्यक प्रयोगशाळेने प्राथमिक तपासणीत पेट्रोल किंवा रॉकेलचा अंश नसल्याचे कळवले. मग पाण्याने जाळ वाढला कसा?

शहरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईंकडे मी गेलो. त्या मूळच्या इथल्याच, घरात उर्दू आणि वर्गात मराठी बोलणाऱ्या. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि डब्यातले थोडे पीठ बशीत काढले. "काडी लावा," म्हणाल्या. मी लावली. पीठ जरासे काळे पडले, काडी विझली. मग त्यांनी मला लांब उभे केले, चष्मा घातला आणि नळीने चिमूटभर पीठ पेटत्या मेणबत्तीवरून फुंकले. भप्पकन ज्वाळा उठली. मी दोन पावले मागे सरलो.

"हवेत उडालं की प्रत्येक कणाला हवा मिळते," त्या म्हणाल्या. "हे तर नुसतं पीठ. तुमची पावडर याच्या कितीतरी पट बारीक आणि वर धातूची. तिला एक ठिणगी पुरते. अशी पावडर पेटलेली असताना पाणी टाकलं, तर त्या पाण्यातूनच हायड्रोजन हा पेटणारा वायू निघतो आणि जाळ वाढतो. तिला कोरडी वाळूच हवी." मग थांबून त्यांनी विचारले, "सांडलेली पावडर तिथे गोळा कशानं करत होते?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. ठाण्यावर येऊन मुद्देमालातला तो वितळलेला गोळा पंचांसमोर फोडला. आत तांब्याची तार गुंडाळलेली छोटी मोटर निघाली. घरात गालिचा साफ करतात तसला व्हॅक्यूम क्लीनर होता तो.

डॉक्टरांची परवानगी मिळताच मी दवाखान्यात गेलो. मुलीचे दोन्ही हात पट्ट्यांत होते. आई उशाशी बसली होती. मी व्हॅक्यूमचा विषय काढताच मुलगी रडू लागली.

"आई म्हणाली, तुम्ही ऑपरेटर दादाला पकडलंय. त्यांना सोडा साहेब, त्यांनी काही केलं नाही. सरांनी बजावलं होतं, इथं झाडू मारायचा नाही, धूळ उडते. कारखान्यातलं खास मशीन दुरुस्तीला गेलं होतं, म्हणून सरांनी घरचं पाठवलं. टेबलाखाली पावडर दिसली. मी झाडू नाही घेतला. मशीन लावलं."

तिने आज्ञा तंतोतंत पाळली होती. धूळ उडू नये म्हणून जे यंत्र तिने लावले, त्यानेच पावडर हवेत मिसळून मोटरमध्ये उडणाऱ्या ठिणगीपाशी नेली.

मालकाला बोलावून मोटर टेबलावर ठेवली. त्याने ती ओळखली. "श्वासाची काळजी घेतली साहेब," तो कसाबसा म्हणाला. "आग लागू शकते हे पुस्तकात वाचलं होतं. पण घरचं मशीन पाठवताना ते आठवलंच नाही." तो खोटारडा नव्हता. एका धोक्यावर इतकी नजर लावून बसला की दुसरा शेजारून निघून गेला. जाळपोळीचे कलम वगळले, निष्काळजीपणाचे लागले, उपचाराचा भार त्याने न सांगता उचलला. ऑपरेटरला सोडले त्या दिवशी तो ठाण्यातून थेट दवाखान्यात गेला, मुलीला भेटायला.

काही महिन्यांनी मुलगी जबाबावर सही करायला ठाण्यात आली. बोटे अजून आखडलेली होती, सही वेडीवाकडी उठली. जाताना ती म्हणाली, "धूळ का उडू द्यायची नाही, ते मला कुणी सांगितलं असतं ना साहेब, तर मी मशीनसुद्धा लावलं नसतं."

आयुष्यभर मी हुकूम देत आलो, आणि खाकीत हुकुमाला कारण विचारायची पद्धत नाही. पण तिच्या त्या वाक्यानंतर उरलेल्या नोकरीत मी एक वाक्य जास्त बोलू लागलो. घटनास्थळी कशाला हात लावू नका म्हटले की लगेच का लावायचा नाही, तेही सांगायचो. नवीन शिपाई आधी गोंधळायचे. हळूहळू त्यातले काही उलट प्रश्न विचारू लागले, आणि मला ते आवडू लागले.