बिनहाडकाचं मटण

लग्न होऊन मी दिंद्रुडला आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, समोरच्या केशरबाईंच्या घरी पाणीसुद्धा प्यायचं नाही, त्यांच्यात मटण शिजतं. आम्ही लिंगायत. गळ्यात लिंग, दारात किराणा दुकान, घरात अंडंसुद्धा नाही. मी मान डोलावली आणि महिनाभरात केशरकाकूंच्या ओट्यावर बसून चहा प्यायला लागले. सासूबाईंना ते कळलं. चार दिवस त्या फुगून बसल्या आणि पाचव्या दिवशी स्वतःच काकूंकडे विरजण मागायला गेल्या. काकूंपासून लांब राहणं कुणालाच फार दिवस जमायचं नाही.

काकू मराठ्यांच्या, बारा-पंधरा एकर जमीन असलेल्या घरच्या. उंच, सावळ्या, आणि आवाज असा की मळ्यातल्या गड्याला घरातून हाक ऐकू जावी. शाळेची पायरी त्या कधी चढल्या नाहीत, पण स्वतःविषयी शंका म्हणून त्यांना कधी आली नाही. गावात कुणाकडे बोकड पडला की मसाला टाकायला काकूंना बोलावणं यायचं. त्या जायच्या, पातेल्यात एकदा डोकावायच्या, काळ्या मसाल्याची मूठ सोडायच्या आणि चव न घेता घरी परतायच्या. चव घेऊन बघणाऱ्या बायकांची त्यांना कीव यायची. त्यांचे यजमान राधाकिशनकाका अगदी गरीब स्वभावाचे. घरातले सगळे निर्णय तेच घ्यायचे, फक्त कोणते घ्यायचे हे काकू सांगायच्या.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. बाजार खुला झाला, बाहेरचा माल येतो आहे, हे आम्ही पेपरात वाचायचो आणि काकूंच्या घरात बघायचो. त्यांचा मुलगा विजयसिंह भोसरीला कारखान्यात होता आणि दर फेरीला काहीतरी नवं घेऊन यायचा. त्या उन्हाळ्यात त्यानं पुण्याच्या कॅम्पातल्या परदेशी मालाच्या दुकानातून दोन पत्र्याचे डबे आणले. आत शिजवलेलं मटण होतं, हाडं काढून तंतू तंतू सुटं केलेलं. डबा फोडायचा, गरम करायचं आणि वाढायचं. काकूंनी एक डबा कानाशी धरून हलवला आणि हे शिजवलं कुणी असं विचारलं. तो म्हणाला, मशीननं. काकूंनी दोन्ही डबे फळीवर रिकाम्या बरण्यांच्या मागे ढकलून दिले आणि तो विषय संपला.

आखाड लागला तशी वैष्णवी माहेरी आली. वैष्णवी म्हणजे काकूंची धाकटी. माघात तिचं लग्न झालं होतं, आणि नवी सून पहिला आखाड माहेरी काढते, ही आमच्याकडची रीत. ती आली आणि मागोमाग बीडच्या डी.एड. कॉलेजचं पत्र आलं. लग्नाआधी भरलेल्या फॉर्मला यश आलं होतं, यादीत नाव लागलं होतं. सोमवारपर्यंत जाऊन प्रवेश घ्यायचा, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला. जावई तयार होता, पण त्या घरात वडिलांच्या पुढं कुणी बोलत नसे. वडील म्हणजे मोहनराव, नांदूरघाटचे माजी सरपंच. काकांनी आमच्या दुकानातल्या फोनवरून त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, बघू. बघू म्हणजे नाही, हे लहान पोरालाही कळतं. वैष्णवी त्या रात्री जेवली नाही. मी पण बारावीनंतर शिकायचं म्हणत होते आणि आमच्याकडेही सगळे बघूच म्हणाले होते, त्यामुळे तिचं तोंड बघून मला भडभडून आलं.

काकू मात्र शांत होत्या. शनिवारी बाजार, बाजाराला खाटीक येतो, त्या दिवशी व्याह्यांना जेवायला बोलवायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. मला म्हणाल्या, "माज्या हातचं जिवून आजपतुर कोनी न्हाई म्हणलेलं न्हाई."

आणि मोहनराव गुरुवारीच आले. माजलगावला काहीतरी काम निघालं, जीप होतीच, आखाड सरायची वाट कशाला बघायची, जाता जाता सुनेला घेऊन जाऊ म्हणाले. सकाळचे अकरा वाजले होते. आज वैष्णवी होकाराशिवाय त्या जीपमध्ये बसली की सोमवार नांदूरघाटलाच उजाडणार आणि ती जागा जाणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

घरात मटण नव्हतं. खाटीक शनिवारशिवाय येत नव्हता. कोंबड्या म्हणाव्या तर पंधरवड्यापूर्वी मानमोडीची साथ येऊन गावातली खुराडी ओस पडली होती. राधाकिशनकाका हळूच आत येऊन म्हणाले, पुरणपोळी कर. काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते तसेच मागं सरकत बाहेर गेले. आखाडात व्याही दारात आणि ताटात पुरण, हे मराठ्यांच्या घरात व्हायचं नव्हतं. मग काकूंनी बरण्यांच्या मागे हात घातला.

मला हाक आली ती छिन्नीसाठी. तेलाचे मोठे डबे फोडायला आमच्या दुकानात छिन्नी-हातोडी असते. मी ती नेली, पदर नाकाला लावला, तोंड दुसरीकडे केलं आणि दोन्ही डबे फोडून दिले. ती छिन्नी सासूबाईंनी पुन्हा दुकानात घेतली नाही, पण ते नंतरचं. वैष्णवीनं डब्यावरचं वाचून सांगितलं, हे आधीच शिजलेलं आहे, नुसतं पाच मिनिटं गरम करायचं. काकू म्हणाल्या, पाच मिंटांत चहाबी व्हत न्हाई. त्यांनी चुलीवर कांदा-खोबऱ्याचं वाटण परतलं, मसाला सोडला, एक डबा रिकामा केला, तांब्याभर पाणी ओतलं आणि बोकडाचं शिजवतात तसं झाकण ठेवून खाली जाळ लावला.

अर्ध्या तासानं झाकण काढलं तर आत मटण नव्हतं. नुसता रस्सा होता, दाट, तांबडाकाळा, आणि त्यात विरघळलेल्या शेवयांसारखे बारीक दोरे. काकू पातेल्याकडे दुसऱ्यांदा बघत होत्या. मग त्यांनी पळीभर रस्सा हातावर घेतला आणि चव घेतली. इतक्या वर्षांत मी त्यांना चव घेताना पहिल्यांदाच पाहत होते. पण त्यांनी जीभ टाळ्याला लावली आणि पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या. रस्सा झाला, म्हणाल्या, आता दुसरा डबा शेवटाला टाकायचा आणि पाच मिंटांत उतरवायचं, मशीन म्हणतंय तसंच. तेवढी हार त्यांनी मानली.

पंगत मधल्या घरात बसली, मोहनराव आणि काका. काकू आणि मी आतल्या दाराआड, वैष्णवी आमच्या मागे. ज्वारीची भाकरी कुस्करून मोहनरावांनी त्यावर रस्सा ओतून घेतला आणि दोन घास खाऊन मान हलवली. रस्सा एक नंबर, म्हणाले. काकूंनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. पण पुढं मोहनरावांची बोटं ताटात काहीतरी चाचपायला लागली. व्याह्याच्या ताटात मटणाची नळी पडली पाहिजे, यजमानानं ती पातेल्यातून स्वतः शोधून वाढायची, हा त्यांच्यातला मान. मोहनरावांनी वाट बघितली. काकांनी मान वर केली नाही. आणि मटणाच्या नावानं ताटात जे होतं त्याला ना हाड, ना नळी, ना धड फोड. बाकी सगळ्याचा विचार काकूंनी केला होता, हाडकांचा केलाच नव्हता. त्यांच्या हातून कधी बिनहाडकाचं मटण शिजलंच नव्हतं, मग सुचणार कसं?

मोहनरावांनी ताट वीतभर पुढं सरकवलं. "इवाई, बिनहाडकाचं मटण म्या जल्मात बघितलं न्हाई. कशाचं हाय हे?"

काका काहीतरी पुटपुटले. व्याही जेवत असताना विहिणीनं समोर यायचं नसतं. काकू डोक्यावरचा पदर सारखा करून, हातात रिकामा डबा घेऊन सरळ मधल्या घरात गेल्या. बाजार परवा आहे, कोंबड्या मानमोडीनं गेल्या, पोरानं पुण्याहून शिजवलेलं मटण आणलं होतं, मसाला माझा आहे, असं त्यांनी सगळं उभ्या उभ्या सांगितलं. आणि म्हणाल्या, "लपवायचं असतं तर कुठूनबी चार हाडकं आणून टाकली असती. तुमच्या ताटात खोटं काहून वाढू?"

मोहनरावांनी डबा घेतला, फिरवला. वर नुसती हिरवी टेकडी रंगवली होती, जनावर नव्हतं. सगळी अक्षरं इंग्रजी. ते म्हणाले, "डब्यात डुकराचंबी येतंय म्हणत्यात."

मोहनराव आता हात धुऊन उठले तर फक्त डी.एड. जाणार नव्हतं. वैष्णवीला त्या घरात जन्मभर ऐकावं लागणार होतं की तुझ्या आईनं आम्हाला काय खाऊ घातलं कुणास ठाऊक. मला इंग्रजी येतं, मी वाचून दाखवायला पुढं झाले. काकूंनी मागं न बघता हातानं मला अडवलं.

"ईश्वरी, तू न्हाई," त्या म्हणाल्या. "वैष्णवे, भाईर ये. वाच."

मला तेव्हा उमगलं. ही बाई भेदरलेली नव्हतीच. पाच महिन्यांत वैष्णवी सासऱ्यांपुढं एक अक्षर बोललेली नव्हती. दाराआडून हं म्हणायचं आणि बांगड्या वाजवायच्या, एवढाच त्यांचा संवाद. ती बाहेर आली, पदर कपाळापर्यंत, डबा हातात घेतला आणि आवाजच फुटेना. काकू म्हणाल्या, मोठ्यानं. मग तिनं वाचलं. आधी इंग्रजीत, मग त्याचा मराठीत अर्थ, एकेक ओळ. मेंढ्याचं मटण. हाडं काढलेलं. शिजवलेलं. पाणी, मीठ, मिरी. दुसऱ्या ओळीपर्यंत तिचा आवाज कापत होता, चौथ्या ओळीला तो ओट्यापर्यंत जात होता.

"डुकराचं कुठं लिवलंय का बघ," मोहनराव म्हणाले.

तिनं डबा चारी बाजूंनी फिरवला. कारखान्याचा पत्तासुद्धा वाचला. "न्हाई मामा. कुठंच न्हाई."

त्यांनी तारीख विचारली. दोन हजार सालच्या मार्चपर्यंत चांगलं राहतं, तिनं सांगितलं. मोहनरावांनी थोडा विचार केला आणि काकांना म्हणाले, म्हणजे हा डबा आपल्याकडच्या सरकारापेक्षा जास्त टिकतोय. काका इतके जोरात हसले की त्यांना ठसका लागला. मग मोहनरावांनी ताट ओढून घेतलं आणि पुढचा घास खाल्ला.

पुढची एक भाकरी त्यांनी रश्शात कुस्करून संपवली. वैष्णवी डबा धरून तशीच उभी होती, कारण जा असं कुणी म्हटलं नव्हतं. काकूंना आता बोलायची केवढी सोय होती. त्या दाराच्या चौकटीला हात टेकून नुसत्या उभ्या राहिल्या. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला वैष्णवीचा हेवा वाटला. अशी उभी राहणारी आई माझ्या वाट्याला आली नव्हती.

शेवटी मोहनरावांनी विचारलं, ते डी.एड. किती सालाचं असतं. दोन वर्षांचं, वैष्णवी म्हणाली. मग दोन वर्षं तुझ्या सासूला भाकरी थापाव्या लागणार, ते म्हणाले, तिलाही असले डबे आणून ठेवू. त्यांनी काकूंपुढं ताट धरलं, अजून रस्सा वाढा म्हणाले. काकूंनी वाढला, आणि पळी पातेल्यावर जरा जास्तच वाजली.

"सोमवारी म्या येतो, जीप घिऊन," मोहनराव सुनेकडे न बघता म्हणाले. "बीडला संगं जाऊ. आन् पोरांना शिकवताना आवाज असाच ठिव. माघं बसल्याल्याला ऐकू आलं पायजे."