‘आमचं चुकलं’ म्हणणारे मगदूम सर

गौरवग्रंथासाठी मगदूम सरांवर लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाही म्हणाले. खरं सांगायचं तर दमले आहे. इतकी वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं नि गाडं जिथल्या तिथं, असं वाटतं. पण सरांची पंच्याहत्तरी काही माझ्या कंटाळ्यासाठी थांबणार नाही, म्हणून लिहायला बसले.

सरांची नि माझी ओळखच मुळी माझ्या लबाडीतून झाली. आटपाडीकडच्या मेंढपाळाच्या घरातली मी पहिली पदवीधर. कराडजवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात नुकतीच लागले होते, नोकरी अजून कायम नव्हती. सर विभागप्रमुख होते. प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांना मला एक साधा प्रयोग दाखवायचा होता. होकायंत्रावर तार ताणायची, तारेतून विजेचा प्रवाह सोडायचा, की सुई वळते. मी बटण दाबलं. सुई ढिम्म. पुन्हा दाबलं. परीक्षक घड्याळ पाहू लागले, तशी मी टेबलाखालून पट्टीचुंबक फिरवला. सुई गर्रकन वळली, परीक्षकांनी मान डोलावली नि ते चहाला गेले.

दारातून सरांनी सगळं पाहिलं होतं. ते रागावले नाहीत. “बाई, सुई तुम्ही हलवलीत,” एवढंच म्हणाले. मग प्रयोगशाळेतले परिचर तातोबा यांना हाक मारून त्यांनी टेबल फिरवून घेतलं. प्लग जवळ पडावा म्हणून मी तार पूर्व-पश्चिम ताणली होती. “प्रवाह होता, तारेभोवती चुंबकीय क्षेत्रही तयार झालं होतं,” सर म्हणाले. “पण तारेखाली ते तारेला काटकोनात पडतं. तार पूर्व-पश्चिम, म्हणजे क्षेत्र दक्षिणोत्तर. सुई आधीच दक्षिणोत्तर उभी. मग तिनं वळावं कुठं?”

तार दक्षिणोत्तर झाली. मी घाईनं बटणाकडे हात नेला तसे तातोबा म्हणाले, “आवं बाई, दमानं. सुई ठरू द्या की आदी.” सुई ठरली, मी बटण दाबलं, आणि ती आपणहून वळली.

मला वाटलं, मिटलं. पण सर मला घेऊन परीक्षकांकडे निघाले. नोकरी गेलीच म्हणून समजले होते. सर त्यांना म्हणाले, “आमचं चुकलं होतं. पुन्हा पाहायला चला.” चुकले होते मी, आणि सर ‘आमचं’ म्हणाले. परीक्षक कुरकुरत आले, पाहून गेले. सरांनी हा विषय पुन्हा कधी काढला नाही.

आता विभाग माझ्याकडे आहे. मुलं प्रवेश आमच्याकडे घेतात नि दिवसभर खासगी क्लासमध्ये बसतात. प्रयोगशाळेच्या कुलपाला गंज चढला आहे. तरी दरवर्षी सगळ्यांना प्रात्यक्षिकाचे पैकीच्या पैकी गुण पडतात आणि त्या यादीवर माझी सही असते. ही काही गौरवग्रंथात लिहायची गोष्ट नव्हे, पण सरांविषयी लिहिताना खोटं लिहवत नाही.

या लेखासाठी माहिती विचारायला सरांना फोन केला आणि बोलता बोलता हे सारं ओकून मोकळी झाले. सर म्हणाले, “मुलांना एक दिवस बोलवा. मी येतो.”

सांगलीहून एसटीनं आले, जिन्यात दोनदा थांबत. अख्ख्या यादीतली तीन मुलं आली. सरांचा हात आता थरथरतो. होकायंत्र हातात धरलं तर सुई ठरेना. त्यांनी ते टेबलावर ठेवलं, तारेखाली सरकवलं नि आम्ही सगळेच थांबलो. मग बटण दाबलं. एक मुलगी हळूच म्हणाली, “मॅडम, मी पाठ केलंतं हे. पर खरंच वळतीया की.” सरांना ऐकू कमी येतं, पण हे आलं असावं, ते हसले.

काल गुणांची यादी पुढ्यात आली. तिघांना गुण दिले, बाकीच्यांपुढे ‘गैरहजर’ लिहिलं आणि सही केली. आता चौकशीचं बोलावणं येईल, मागच्या वर्षांचंही निघेल. ते सोसायचं बळ अंगात उरलं आहे का, ठाऊक नाही.

म्हणून सर, शंभरी गाठा. गुडघे धड राहोत, डोळे असेच स्वच्छ राहोत. या खेपेला ‘माझं चुकलं’ मी म्हणेन. तुम्ही फक्त शेजारी उभे राहा.