अंबिकाबाईंचा बदली कामगार

लालबागच्या एका चाळीत तळमजल्यावर अंबिकाबाईंची खाणावळ होती. गिरण्यांत काम करणारे, बायकापोरं कोकणात ठेवून आलेले गडी तिथे जेवत. नवरा गेल्यावर बाईंनी ती सुरू केली आणि चालली ती त्यांच्या चपातीवर. त्या कणीक नुसती मळत नसत, तिंबत. पाण्याचा हात लावून पाटावर अशी आपटत, की वरच्या मजल्यावर लोकांना जेवायची वेळ समजे.

संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे ऐन भरात असताना बाईंचं उजवं मनगट सुजलं. डॉक्टरांनी ते बांधून दिलं आणि मळणं बंद करा म्हणाले. मळणं बंद म्हणजे खाणावळ बंद, हे डॉक्टरांना सांगण्यात अर्थ नव्हता. हाताखाली एक बाई ठेवून पाहिली. तिच्या चपात्या खाऊन मंडळी एकमेकांना बाजूच्या खाणावळीचा पत्ता विचारू लागली.

तेव्हा धाकटा दीर रमाकांत पुढे सरसावला. तो गिरणीत फिटर होता, म्हणजे यंत्राबद्दल त्याचं मत कुणी विचारायच्या आत तयार असे. भायखळ्याचं एक गोरं कुटुंब घर मोडून ऑस्ट्रेलियाला चाललं होतं. त्यांच्याकडचं एक विजेचं यंत्र त्याने कणीक मळायला म्हणून उचलून आणलं. त्यावर पितळी पट्टी होती. ते केक आणि क्रीमसाठी आहे, असं तिच्यावर इंग्रजीत स्पष्ट लिहिलं होतं. पण यंत्र विलायती असल्याचं पट्टीच्या इंग्रजीवरूनच सिद्ध होत असल्याने ती वाचायची गरज कुणाला वाटली नाही.

दिव्याच्या होल्डरमधून वायर घेतली. भांड्यात सगळ्या पंगतीची कणीक घातली. यंत्राचा वाकडा लोखंडी आकडा फिरला, कणीक त्याला धरून वर चढली, यंत्र घुमलं, थरथरलं आणि टेबलाच्या कडेकडे चालू लागलं. रमाकांतने त्याला मिठी मारली.

"सोड रे त्याला," गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवणारा दगडू ताट पुढ्यात घेऊन म्हणाला. "मोर्चाला निघालंय. फाउंटनला पोचेल बरोबर!"

मग जळक्या रबराचा वास आला.

"मेल्या, माझ्या हाताक आराम म्हणान आणलंस," बाई म्हणाल्या, "आता ह्याका धरूक दोन माणसां होयी!"

रमाकांतने दोनदा ते खोलून जोडलं. दोन्ही वेळा त्याने दोष कणकेचा असल्याचं जाहीर केलं. यंत्र भंगारात जाणार हे ठरल्यासारखंच होतं. पण बाईंनी डावा हात यंत्राच्या डोक्यावर ठेवला, पोराचा ताप बघावा तसा.

"तापलाहा. ह्याका एकदम सगळा काम दिलास तर कसा व्हायचा? गिरणीत तरी पहिल्याच दिवशी चार साचे देतत काय?"

दुसऱ्या दिवसापासून त्या थोडीच कणीक, जरा सैल भिजवून, भांड्यात घालू लागल्या. डोकं गरम लागलं की यंत्र बंद. ते निवेपर्यंत मळलेला गोळा ओल्या फडक्याखाली. शेवटची तिंबणी डाव्या हाताने. यंत्र टेबलावर उभं राहू लागलं. चपाती पुन्हा चपातीसारखी झाली आणि बाजूच्या खाणावळीचा पत्ता मंडळी विसरली.

"मग झालं की नाही कायम?" रमाकांतने विचारलं.

"कायम खयचा? बदली तो. रोज गेटावर येवचा, काम मिळाला तर करूचा."

गिरणीतल्या बदली कामगाराला याहून सविस्तर नियम कुणी सांगितले नव्हते. यंत्राने ते पाळले, हे मान्य केलं पाहिजे.

राज्य झालं त्या दिवशी मंडळींनी पुरणपोळीचा हट्ट धरला. रमाकांतला भरून आलं होतं. "वैनी, मुंबई मिळाली! आज तरी त्याला कायम करा. घाला सगळी कणीक एकदम."

"राज्य मिळाला म्हणान माझ्या कणकेचा वजन कमी झाला काय रे?"

यंत्राने नेहमीसारखं थोडंथोडं मळलं आणि निवायला थांबलं. बाईंनी त्याच्यावर स्वच्छ फडकं घातलं. मग मनगटाला अजून बांधत असत ती पट्टी सोडून खुंटीला अडकवली, तेलाचा हात घेतला आणि सगळी कणीक पाटावर आपटली. दोन्ही हातांनी. पुन्हा आपटली. वरच्या मजल्यावर कुणीतरी म्हणालं, "अगो, ताटं घ्या."

खाली पंगत ताटं सरसावून बसली. दगडूने मान वर न करता सांगितलं, "कायमवाली कामावर रुजू झाली."