भट्टी मावशींची कोरडी माती

प्रयोगशाळेत त्यांना सगळे भट्टी मावशी म्हणत, कारण मावशींचं काम माती भाजून पार कोरडी करायचं. "हिच्या हातची भाजी करपेल, पण माती करपणार नाही," असं त्यांचा नवरा पाहुण्यांसमोर म्हणायचा आणि मावशी डोळे वटारून त्याला गप्प करायच्या.

कोरड्याठाक ग्रहावर धूमकेतू आदळला, तर त्याच्या बर्फाचं पाणी तिथे टिकेल का, एवढंच प्रयोगशाळेतल्या लोकांना शोधायचं होतं. जाड काचेच्या टाकीतली बरीचशी हवा पंपानं काढून घ्यायची, आत मावशींनी भाजलेल्या मातीचा ट्रे ठेवायचा आणि वरून बर्फाची गोळी झाडायची. गोळी फुटली की टाकी वाफेनं भरून जायची. त्या इवल्याशा ग्रहाला क्षणभर दाट हवा मिळायची आणि मावशींच्या आशा पालवायच्या. मग ती वाफ पंप ओढून घ्यायचा, खऱ्या ग्रहावरून ती अंतराळात निसटते तशी. धडक तर असलेली हवाही थोडी उडवून लावते, असं प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, सांगायचे. मातीतला ओलावा दाखवणारा काटा दर वेळी शून्यावर येऊन बसायचा.

यंदा पाणी टिकलेलं दिसलं नाही तर प्रयोगशाळा बंद, असा वरून निरोप आला. नवऱ्याचे गुडघे कामातून गेलेले, घर मावशींच्या पगारावर चालायचं. पोटाचा प्रश्न होताच, पण मावशींना ते पाणी मनापासून हवं होतं.

भाजलेल्या मातीजवळ तोंडाला फडकं बांधायचं, बोलायचं नाही, हा तिथला दंडक. शेवटच्या गोळीच्या दिवशी मात्र आठवण म्हणून सगळ्यांनी उघड्या ट्रेभोवती फोटो काढला. फडकी उतरली. कोणीतरी सरांची नक्कल केली आणि सगळे खो खो हसले. मावशी सगळ्यात जास्त.

गोळी झाडली. वाफ आली, गेली, आणि काटा वरच राहिला. एरवी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसणारे सर चक्क शीळ घालू लागले. मावशींनी घरी जाताना सगळ्या गल्लीला सांगितलं.

मातीतलं पाणी कुठलं, ही दुसरी तपासणी सावकाश व्हायची. गोळीचा बर्फ मुद्दाम जड पाण्याचा केलेला असायचा, पुढे साध्या पाण्यातून वेगळा ओळखू यावा म्हणून. आठवड्यानं सरांनी मावशींना बोलावलं.

"मावशी, मातीत पाणी आहे, पण आपल्या गोळीचं नाही. साधंच आहे."

"मग आलं कुठून?"

"आपण हसलो ना सगळे उघड्या तोंडांनी. त्या श्वासातून."

मावशींनी रिकामा ट्रे उचलला. म्हणाल्या, "एक ट्रे भाजते. पुन्हा झाडू."

या वेळी कोणी ब्र काढला नाही. टाकी वाफेनं भरली, रिकामी झाली. काटा खाली आला तो खालीच राहिला.

"उघडा टाकी," सर म्हणाले, "आणि ते फडकं सोडा आता."

मावशींनी झाकण काढलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी त्या मातीत उघडा हात घातला आणि मूठभर चोळून पाहिली. बोटांना जराही ओल लागली नाही. भाजायचं काम अगदी चोख झालं होतं.