जो बोलत नाही तो अण्णांचा

“घरात म्हातारं कोन हाय?”

दारात पाऊल टाकताच त्यांचा हा पहिला प्रश्न. फोन कुठाय, तक्रार काय, हे सगळं नंतर. म्हातारं माणूस असलं की आधी त्याला भेटायचं, लाईन किती वेळ बंद राहील ते सांगायचं, मगच पिशवी उघडायची. तुमच्याही गल्लीत टेलिफोनचा असा एखादा लाईनमन येऊन गेला असेल. आमच्या सोलापुरातले हे मूळचे वैरागकडचे, निवृत्तीला टेकलेले, जिना चढताना गुडघ्यांशी बोलणारे.

आमच्या घरातलं म्हातारं माणूस म्हणजे माझे वडील, अण्णा. खाली टॉवेलचा कारखाना, वर घर. घशाच्या ऑपरेशनमध्ये अण्णांचा आवाज गेला. एके काळी मागांच्या खडखडाटातही त्यांची हाक शेवटच्या कामगारापर्यंत पोचायची. आता ते फोनची घंटी वाजवून आम्हाला बोलवायचे. जिन्याखाली आमचं खासगी एक्स्चेंज होतं, म्हणजे भिंतीवरचा एक डबा. बाहेरून एक लाईन त्यात शिरायची आणि घर-कारखान्यातल्या पाच फोनना वाटली जायची. स्वयंपाकघरात एक घंटी म्हणजे चहा, दोन म्हणजे वर या, आणि घंटी थांबेचना म्हणजे अण्णा चिडले.

त्यांच्यासाठीच मी पुण्याहून परत आलो होतो. ऑफिसने घरून काम करायला होकार दिला, पण सोमवारपर्यंत घरी ब्रॉडबँड हवं होतं. आधी आलेल्या एका तंत्रज्ञाने डबा बघितला, “हा काढून टाका, त्याशिवाय नेट चालणार नाही,” म्हणाला आणि गेला. म्हणजे नोकरी ठेवायची तर अण्णांची घंटी जाणार, आणि घंटी ठेवायची तर मला पुण्याला जावं लागणार. शुक्रवारी हे लाईनमनकाका आले.

“डबा काढायचा? मग अण्णांनी हाका कशानं मारायच्या?” ते माझ्यावरच डाफरले. “डब्यात शिरायच्या आदी लाईनीच्या दोन वाटा करायच्या. एक नेटला, एक डब्याला. दोगं बी सुखानं नांदत्यात की.”

काम सोपं नव्हतं. जुनी तार भिंतीत गाडलेली, तीन तास डबा बंद ठेवावा लागणार होता. ते आधी वर गेले आणि अण्णांच्या हातात आपला स्क्रूड्रायव्हर आणि स्टीलचा तांब्या दिला. “घंटी येईस्तवर ह्ये वाजवा. मी जिन्यातच हाय.”

अण्णांनी घर डोक्यावर घेतलं. दर वेळी हेच वर जायचे. मी उठलो तर म्हणायचे, “तुमाला न्हाय, मला बोलावलंय.” चौथ्यांदा खाली आले तेव्हा मी विचारलं, काय हवं होतं?

“काय बी न्हाय. लई दिसांनी आवाज करायला मिळालाय त्येंना. करू द्या की.”

मला वाईट वाटलं. घंट्या मोजून चहा पोचवणाऱ्या मला हे कधी सुचलं नव्हतं.

संध्याकाळी मोडेमचा दिवा स्थिर झाला आणि स्वयंपाकघरात एक घंटी वाजली. जाताना त्यांनी मोठ्या आकड्यांत आपला नंबर लिहून अण्णांच्या फोनवर चिकटवला. “काय बिगडलं तर सरळ मला लावा.”

“काका, ते बोलणार कसे?”

“बाकीचे समदे बोलत्यात. ज्यो बोलत न्हाय त्यो अण्णांचा.”

पुढे काही बिघडलं नाही, तरी अण्णा फोन लावायचे. पलीकडून हे बार्शीची एसटी, गावाकडची ज्वारी, सुनेच्या हातची भाकरी, सगळं ऐकवायचे. अण्णा रिसीव्हरवर टिचकी मारून हुंकार भरायचे.

एकदा भर उन्हात ते घामाघूम होऊन दारात उभे. “अण्णा कुटं हायेत? फोन आला, कोन बोललंच न्हाय!” अण्णा वर झोपले होते. फोन भलत्याच कुणाचा होता आणि नंबर बघायला यांनी चष्मा शोधलाच नव्हता, तसेच स्कूटरवर निघाले होते. अण्णांना हसता हसता ठसका लागला. मग त्यांनी यांचा हात कितीतरी वेळ सोडला नाही.

निवृत्त होऊन काका गावी गेले. फोन चालूच राहिले. यंदा उन्हाळ्यात त्यांच्या मुलाचा मला फोन आला. काकांच्या छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी वर जाऊन अण्णांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

चार दिवसांनी दुपारी वर गेलो तर रिसीव्हर अण्णांच्या कानाला होता. आतून बाईमाणसाचा आवाज येत होता, काकांची सून असावी.

“कोन? कोन बोलतंय?”

अण्णांनी टिचकी मारली.

“अवो, बोला की. कोन पायजे तुमाला?”

अण्णांनी पुन्हा टिचकी मारली आणि माझ्याकडे बघितलं. मी रिसीव्हर हातात घेतला आणि म्हणालो, “अण्णांचा फोन आहे.”