कॅप्टनच्या चार वह्या

ती घटना मला आजही जशीच्या तशी आठवते, अशी सुरुवात करायची आम्हा निवृत्त पोलिसांची पद्धत आहे. मला ती जशीच्या तशी आठवत नाही. त्या वर्षाची माझी डायरी टेबलावर उघडी आहे आणि तिच्यात बघून मी हे लिहितो आहे. हे शहाणपण मला ज्यांनी शिकवलं, त्यांचीच ही गोष्ट.

मी तेव्हा वसईतल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या. शेजारी एक उंच, ताठ म्हातारे गृहस्थ. शर्ट खोचलेला, बूट चकचकीत. ते छताच्या पंख्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"काय काय गेलंय?" अंमलदार हवालदाराने विचारलं.

"चार वह्या आणि एक टोपी."

"वह्या? कोऱ्या की लिहिलेल्या?"

"तेहतीस वर्षं लिहिलेल्या."

हवालदाराने पेन थांबवलं. "काकू, रागावू नका, पण किंमत काय लावू मी?"

"ते तुम्ही ठरवा, भाऊ. वह्या गेल्या त्याला आज अकरा दिवस झाले. तेव्हापासून हे एक शब्द बोललेले नाहीत."

मी त्यांना माझ्या खोलीत बोलावून घेतलं.

गृहस्थ निवृत्त वैमानिक होते. प्रवासी विमानांचे कॅप्टन. घर वसईजवळच्या उमेळे गावातल्या बागायतदारांचं; वाडीत अजून थोडी केळी उभी, बाकी तिन्ही बाजूंनी इमारती. दोनतीन वर्षांपासून त्यांना विसर पडत चालला होता. सकाळी चहा घेतला की नाही, मुलगी कुठल्या देशात असते, हे त्यांना सांगावं लागे. पण एक गोष्ट शाबूत होती. रोज नाश्त्यानंतर काकू त्यांच्या उड्डाणांच्या नोंदवहीतली एक ओळ मोठ्याने वाचायच्या. तारीख, विमान, कुठून, कुठे. कॅप्टन डोळे मिटून क्षणभर थांबायचे आणि मग त्या दिवसाबद्दल बोलू लागायचे. धावपट्टीवर आडवं आलेलं कुत्रं, ढगांची भिंत, हवेत सुरू झालेलं एका बाईचं बाळंतपण.

"त्यांच्या कामातली रीतच आहे ती," काकू म्हणाल्या. "एकाने वाचायचं, दुसऱ्याने बघून उत्तर द्यायचं. मी वाचते, हे उत्तर देतात. आता वाचायलाच काही नाही. तुम्ही लवकर काही केलं नाहीत, तर हे उत्तर द्यायचंही विसरतील."

वह्या गेल्या कशा? कोणी कुलूप फोडलं नव्हतं. एक भारदस्त गृहस्थ शाल आणि नारळ घेऊन घरी आला होता. वैमानिकांच्या गौरव समितीचा पदाधिकारी म्हणून त्याने ओळख करून दिली, कॅप्टनना शाल पांघरली, खाली वाकून नमस्कार केला आणि प्रदर्शनात मांडण्यासाठी वह्या आणि गणवेशाची टोपी नेली. आठवड्यात परत देतो म्हणाला. दिलेला फोन नंबर बंद होता.

"ओळखपत्र बघितलंत?"

"शाल घेऊन आलेल्या माणसाला कसं विचारायचं, साहेब?"

चाकू घेऊन आलेल्या माणसाशी कसं वागावं हे आम्ही शाळाशाळांतून सांगत फिरतो. शाल घेऊन आलेल्या माणसाबद्दल कोणी काही सांगत नाही, आणि माझ्या अनुभवात लोकांचं जास्त नुकसान त्यानेच केलेलं आहे.

फिर्याद नोंदवली. किमतीच्या रकान्यात हवालदाराने विचार करून 'अमूल्य' लिहिलं. तसं लिहायची पद्धत नाही. मी ते तसंच राहू दिलं.

पुढचे चार दिवस काही हाती लागलं नाही. पाचव्या दिवशी खबर आली ती वाळलेल्या बोंबलांबरोबर. आमच्या हवालदाराच्या घरी सुकी मासळी देणारी एक मावशी कळंबला समुद्राजवळच्या एका कॉटेजवर स्वयंपाकही करायची. हवालदार स्वतःच्याच दारात तिला वह्यांची गोष्ट सांगून बसला होता. पोलिसाने तपासाबद्दल दारात बोलू नये. तो बोलला म्हणून प्रकरण सुटलं, हेही नोंदवायला हवं. मावशी तडक ठाण्यात आली.

"साहेब, आमच्या कॉटेजवर एक मानूस उतरलाय. इमानाचा कॅप्टन हाय म्हनतो. त्याच्याकडं हायेत तशा काळ्या वह्या."

"मग त्याच्याच असतील."

"त्याच्या कशा? सकाळी पानी न्यायला जाते तर हा वाळूत उभा, हातात वही, आनि तोंडानं पुटपुटतोय. दहावीची परीक्षा असल्यागत. मी म्हटलं, काय वाचता? तर म्हने, माझ्या आयुष्यातल्या आठवनी." मावशीने पदर खोचला. "मला सांगा, सोताचं आयुष्य कोन पाठ करतं?"

इतका नेमका प्रश्न मला वरिष्ठांनी तीस वर्षांत कधी विचारला नव्हता.

कळंब आमच्या हद्दीत नव्हतं. तिथल्या ठाण्याला कळवून, दोन पंच घेऊन आम्ही दुपारी कॉटेजवर गेलो. दार उघडणाऱ्या माणसाला मी लगेच ओळखलं. खांद्यावर सोनेरी पट्ट्या, भरदार मिशी, घुमणारा आवाज. महिन्याभरापूर्वी वसईच्याच एव्हरशाईन सिटीतल्या एका समारंभात हाच माणूस प्रमुख पाहुणा होता आणि मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर होतो. निवेदकाने 'आकाशाचा सुपुत्र' म्हटल्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो. एवढंच नव्हे, उठताना मी त्याला सॅल्यूट केला होता. हेही डायरीत आहे, म्हणून लिहितो. आठवणीवर सोडलं असतं तर एव्हाना मी तेव्हापासूनच संशय घेतला होता असं झालं असतं.

चारही वह्या कपाटात सापडल्या. प्रत्येकीचं नावाचं पहिलं पान फाडलेलं. टोपी त्याच्या डोक्यावरच होती. काढून बघितली तर ती सैल बसू नये म्हणून आत वर्तमानपत्राची घडी. येत्या रविवारी वैमानिक प्रशिक्षणाचा एक वर्ग सुरू करायचा त्याचा बेत होता आणि वसई-विरारमधल्या कितीतरी घरांनी आपली मुलं तिथे घालायची ठरवली होती. पंचनामा करून आम्ही त्याला ठाण्यात आणलं.

चौकशीत तो मुळीच डगमगला नाही. वह्या माझ्याच, नावाची पानं वाळवीने खाल्ली, अक्षर बदललं कारण मनगट मोडलं होतं. वाळवी इतकी सरळ रेषेत खाते हे मला नवीन होतं. मी कुठलीही तारीख विचारली की तो मार्ग, विमान, तास, सगळं धडाधड सांगे. आमची महिला हवालदार हळूच मला म्हणाली, "साहेब, हा खराच असला तर आपली काही धडगत नाही."

मलाही तीच भीती होती. वह्या पुन्हा चाळताना मला शेऱ्याच्या रकान्यात काही ओळींपुढे बारीक मराठी शब्द दिसले. बिरडं. पातोळ्या. केळफूल. मी विचारलं, "हे काय?"

त्याने वही हातात घेऊन पाहिली. "ही आकाशातल्या ठिकाणांची सांकेतिक नावं आहेत. केळफूल नागपूरच्या थोडं पुढे येतं. सुरक्षेचा विषय आहे, अधिक बोलता येणार नाही."

शेवटचं वाक्य माझ्या ओळखीचं होतं. उत्तर माहीत नसलं की पत्रकारांना मीही तेच सांगायचो. जबाब शब्दशः लिहून घेतला, त्याची सही घेतली आणि मुद्देमाल ओळखण्यासाठी कॅप्टन आणि काकूंना बोलावणं पाठवलं.

कॅप्टन आले, बसले आणि पुन्हा पंख्याकडे बघू लागले. शाल घेऊन आलेला हाच, असं काकूंनी त्याला बघताच सांगितलं; मी ह्यांना कधी पाहिलेलंच नाही, असं तो म्हणाला. त्या माणसाने त्यांच्याकडे बघून कनवाळू हसू आणलं.

"इन्स्पेक्टरसाहेब, ह्यांना स्वतःचं नाव तरी आठवतं का? ह्यांची साक्ष धरणार तुम्ही? माझी परीक्षा घ्या. उड्डाणाआधीची सगळी चेकलिस्ट म्हणून दाखवतो." आणि उभा राहून, हात मागे बांधून, त्याने ती भरधाव इंग्रजीत म्हणायला सुरुवात केली. एकही अडखळ नाही. आवाज असा की बाहेरचे शिपाई दारात येऊन उभे राहिले.

"कार्ड कुठाय?"

कोण बोललं हे आम्हाला चटकन कळलंच नाही. कॅप्टनची नजर पंख्यावरून खाली आली होती.

"कसलं कार्ड?" तो माणूस म्हणाला. "कॅप्टनला चेकलिस्ट वाचायला कार्ड कशाला? मला सगळं पाठ आहे."

कॅप्टन उभे राहिले. गेल्या दोन आठवड्यांत एक शब्द न बोललेला माणूस स्वच्छ, थंड आवाजात म्हणाला, "पाठ आहे? मग खाली उतर. माझ्या विमानात पाठ म्हणणारा माणूस चालणार नाही. मला रोज पाठ असतं. म्हणूनच मी रोज वाचतो."

काकूंनी तोंडाला पदर लावला होता. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि पंचांसमोर त्यांनी टेबलावरची पहिली वही उघडून नेहमीच्या सुरात एक ओळ वाचली. तारीख, विमान, कलकत्ता ते मुंबई. "शेरा," त्या म्हणाल्या, "केळफूल."

कॅप्टननी डोळे मिटले.

"कडू झालं होतं," ते म्हणाले.

"काहीतरीच काय! रात्रभर ताकात ठेवलं होतं मी!"

"कडू होतं. दोनदा वाढलंस, दोनदा खाल्लं. बोललो का मी काही?"

"चाळीस वर्षांनी आत्ता बोलताय? तेही पोलीस ठाण्यात?"

काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या भांडत होत्या. त्यांनीच मग सांगितलं: ज्या दिवशी उड्डाण संपवून कॅप्टन घरी पोचायचे, त्या दिवशी पानात जे असेल ते शेऱ्यात लिहून ठेवायची त्यांची सवय होती. मी सहीचा जबाब त्या माणसापुढे सरकवला आणि विचारलं, "केळफूल नागपूरच्या पुढे किती मैलांवर म्हणालात?"

हवालदाराला हसू आवरेना, तो बाहेर गेला. त्या माणसाने खांद्यावरच्या पट्ट्या स्वतःच्या हाताने काढून टेबलावर ठेवल्या आणि पाणी मागितलं. तो लग्नसमारंभांत निवेदन करायचा. पाठांतर उत्तम, आवाज उत्तम. नियत तेवढी कमी पडली. अर्ध्या तासात कबुली आली, आणि रविवारचा तो वर्ग भरलाच नाही.

वह्या मुद्देमालात जमा झाल्या. न्यायालयाच्या आदेशाशिवाय त्या देता येत नव्हत्या, म्हणून त्याच दिवशी सगळ्या पानांच्या झेरॉक्स काढून काकूंना दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "साहेब, आज पाऊण तास बोलले." माझ्या नोकरीत पदकं मिळाली, प्रशस्तिपत्रकं मिळाली. त्या फोनच्या तोडीचं त्यांत काही नाही.

महिन्याभराने आदेश झाला. वह्या ताब्यात देऊन मी दोघांना ठाण्याच्या जीपने उमेळ्याला सोडायला गेलो. रस्ता खोदलेला होता. घरी पोचल्यावर कॅप्टननी चौथी वही मागितली, पेन मागितलं आणि शेवटच्या नोंदीखाली, कोऱ्या ओळीवर, सावकाश लिहिलं. मी वाकून वाचलं. तारीख मला विचारून घेतलेली. विमानाच्या रकान्यात 'पोलीस जीप'. कुठून: पोलीस ठाणे. कुठे: उमेळे. सहवैमानिकाच्या जागी माझं आडनाव. शेरा कोरा होता. तो त्यांनी जेवणानंतर भरला.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं व्याख्यानांत विचारतात. गुन्हेगार तोंडपाठ जबाब देतो हे मला आधीच माहीत होतं. साक्षीदार प्रामाणिक असला तरी त्याची आठवण दर वेळी थोडी सजते, हेही माहीत होतं. स्वतःच्या आठवणीला मात्र मी त्यातून वगळलं होतं. शहाणपण विसरलेल्या माणसाकडून मिळालं: ज्याला सगळं पाठ आहे असं वाटतं, त्यानेच आधी वही उघडावी.

मी अजून उमेळ्याला जातो. कॅप्टन मला ओळखत नाहीत. दारात उभे राहून विचारतात, "कोण आपण?" मी नाव सांगत नाही. काकू आतून चौथी वही आणतात, शेवटची ओळ काढतात आणि वाचतात: पोलीस जीप, ठाणे ते उमेळे.

कॅप्टन डोळे मिटतात. मग उघडतात आणि माझा हात धरून आत नेतात.

"या, या. त्या दिवशी तुमच्या ड्रायव्हरने फारच आदळलं हो. पण पातोळ्या छान होत्या."