जुना गोंद, पातळ पत्रा

मी ईएमईचा, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती दलाचा हवालदार. हातात बंदूक कमी, पाना जास्त. त्या पावसाळ्यात आमची तुकडी पूरमदतीला नेमकी माझ्याच जिल्ह्यात, कुरुंदवाडजवळ आली. बोटीवर नाईक बाबू चौगुले, कोडोलीचा. समोरच्याच्या तळपायाची आग मस्तकात जाईल असं बोलायचा, पण पाण्यात त्याच्याइतका शांत माणूस मी पाहिला नाही.

सकाळच्या फेरीत बोटीच्या तळाला बुडालेल्या कुंपणाचा खांब लागला आणि जुना रबरी पॅच उखडला. पलीकडे शाळेच्या गच्चीवर माणसं अडकलेली, पाणी कठड्याला टेकत आलेलं. दुसरी बोट नव्हती. नवा पॅच होता, पण ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर जुन्या गोंदाचा जाड थर. त्यावर काही चिकटणार नव्हतं.

मदतीला आलेला एक फौंड्रीवाला ग्राइंडर घेऊन पुढे झाला. आमच्या कोल्हापुरात धातूचं काहीही असो, आधी ग्राइंडरच आठवतो.

"लावा की पावणं, दोन मिंटात साफ!"

"पत्राबी साफ हुईल," मी खेकसलो. "ह्यो ओतकामाचा तुकडा न्हाय. पातळ हाय."

ड्रिलला तारेचा ब्रश लावून पाहिला. वेग जास्त. गोंद तापून वितळला आणि मलमासारखा पसरला. गच्चीवर थांबलेला आमचा जवान वायरलेसवर सारखा विचारत होता.

"बोट कधी? ओव्हर."

"थांबा. ओव्हर."

दुसरं काय सांगणार होतो?

मग आठवलं, रेडियमवाले गाड्यांवरचे जुने स्टिकर हॉट एअर गननं काढतात. चौकातल्या दुकानाचं शटर उघडायला लावून गन आणली. बोटीची पेट्रोलची टाकी लांब नेली, जनरेटर चालू केला. गरम हवेनं गोंद मऊ झाला की प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडत गेलो. राहिलेल्यावर ड्रिलला नायलॉनचा ब्रश, ट्रिगर अगदी हलका. पत्रा उघडा पडला. पॅच बसला.

"फुटली तर भूत हून मानगुटीवर बशीन, हवालदारसाब," बाबू म्हणाला.

"जा की!"

पॅच शेवटपर्यंत टिकला. गच्चीवरची सगळी माणसं आली. शेवटच्या फेरीत, काठ दिसत असताना, एक बाई पाण्यात पडली. बाबूनं उडी मारून तिला बोटीकडे ढकललं. सोबतच्या जवानानं तिला वर ओढलं, तोवर प्रवाहानं बाबूला उसाकडे नेलं होतं. मी काठावरून वायरलेसवर त्याचं नाव पुकारत राहिलो. त्याच्याजवळ सेट नाही, हे मला ठाऊक होतं.

कोडोलीत त्याच्या स्मारकावर त्याच्या नावाची स्टीलची पाटी आहे. निवडणूक आली की पोरं तिच्यावर पोस्टर चिकटवतात. मला संताप येतो, रडूही येतं. हॉट एअर गन घेऊन मी माझ्या गावाहून, मुरगूडहून, एसटीनं जातो. एकदा मंडळाचा एक कार्यकर्ता मदतीला आला, हातात ग्राइंडर.

"काका, ह्यानं लवकर निघंल की."

"नावबी निघंल, बाबा. ठेव त्यो."

गरम हवा धरून मी सावकाश खरवडत राहिलो. 'नाईक बाबू चौगुले' नीट वाचता येईपर्यंत मी तिथून हलत नाही.